सुईच्या कामाचें मोल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या हस्तकला-विक्रीच्या आरंभीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या सभागृहांत पाऊल टाकतांच आपणां सर्वांच्या दृष्टीस जें पडलें, तें आम्हीं आज सकाळींच एकटे येऊन पाहून घेतलें आहे. भिंतीच्या कडेनें बारा टेबलें मांडलीं आहेत. त्यांवर झबलीं आहेत, टोपडीं आहेत, दुपटीं आहेत. कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे, क्रोशाचे रुमाल, जपमाळ ठेवण्याचे चिमुकले बटवे, बाप्तिस्म्याचे पांढरे झगे आहेत. आणि त्या पलीकडच्या कोपऱ्यांत दोन गोधड्या आहेत. हें सर्व आपल्याच धर्मग्रामांतील भगिनींनीं आपल्या घरीं बसून केलेलें आहे. अशा प्रसंगीं धर्मगुरूनें फीत कापावी, दोन कौतुकाचे शब्द बोलावे आणि चहाला बसावें अशी रीत आहे. ती रीत आम्ही आज थोडी मोडणार आहों. कौतुक आम्हीं आजवर पुष्कळ केलें. कौतुकावरच भागविलें, हीच चूक झाली. त्या चुकीविषयीं बोलावयाचें आहे, म्हणून चहा थोडा उशिरां मिळेल, त्याची क्षमा असावी.

प्रथम आपण राहतों कोठें तें ध्यानांत घेऊं. कामवारीच्या कांठचें हें भिवंडी गांव कापडावर जगलेलें आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून निघालेल्या विणकरांपैकीं पुष्कळ मोमीन कुटुंबें येथें येऊन स्थिरावलीं व त्यांच्या हातमागांनीं गांवाला नांव मिळवून दिलें. १९३० च्या दशकांत विजेवरचे माग येऊं लागले. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर असा कधीं मिटलाच नाहीं, आणि गिरण्यांचें पुष्कळसें विणकाम येथल्या पत्र्याच्या गाळ्यांत येऊन पडलें. अलीकडे मंदीनें कित्येक माग भंगारांत गेले आहेत. तरीही रात्रीं-अपरात्रीं एखाद्या आजाऱ्याला तैलाभ्यंग देऊन आम्ही परत येऊं लागलों, म्हणजे मागांची खटखट अर्ध्या वाटेपर्यंत सोबतीला असते. मागावरच्या कामगाराची मजुरी मीटरवर ठरते. ती अपुरी आहे हें सर्व जाणतात. पण निदान ती ठरते, आणि ती मजुरी आहे हें कोणी नाकारीत नाहीं.

आणि अंजुरफाट्याकडे, काल्हेर-पूर्णेकडे गेलांत तर दुसरें दृश्य दिसतें. शेतें होतीं तेथें आतां गोदामें आहेत, एकेक गोदाम एखाद्या लहान गांवाएवढें. कोणीं मोबाईलवर बोट टेंकविलें कीं तेथून दुसऱ्या दिवशीं कपडा त्याच्या दारांत. दीडशें रुपयांना पिशवी, दोनशें रुपयांना दुपटें, आणि न आवडल्यास परत. अशा या गांवांत, माग आणि गोदाम यांच्या मधोमध, एखादी बाई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलींत बसून हातानें टांके घालून वीस दिवसांनीं एक बाळगोधडी पुरी करते. व्यवहारी मनुष्य म्हणेल, हा वेडेपणा आहे. आम्हांसही पूर्वीं तसेंच वाटे. फक्त आम्ही त्याला वेडेपणा न म्हणतां 'हौस' म्हणत असूं.

त्या भगिनीही तेंच म्हणतात. "फादर, हौस म्हणून करतें." "रिकामा वेळ जातो." "चार पैसे सुटतात, तेवढेच." गेल्या वर्षीं घरभेटींच्या निमित्तानें हा रिकामा वेळ आम्हीं जरा निरखून पाहिला. पहांटे नळाला पाणी येतें तेव्हां दिवस उजाडतो. मग डबे, मुलांची शाळा, धुणें. कोणी दुपारपर्यंत दुसरीकडे नोकरीलाही जाते. भांडीं आवरून होतात तों दोन वाजतात, आणि मग खिडकीपाशीं ठेवलेल्या पायमशीनवरचें झांकण निघतें. खिडकीपाशीं अशासाठीं कीं विजेचा भरंवसा नाहीं, आणि पांढऱ्या कापडावरचा पांढरा दोरा दिव्याच्या उजेडांत नीट दिसत नाहीं. चार-साडेचारला मुलें घरीं येतात तोंवर होईल तेवढें मशीनचें काम. उरलेलें हातकाम, म्हणजे काज करणें, बटणें लावणें, दुमड टिपणें, तें रात्रीं जेवणें झाल्यावर. रात्रीं मशीन चालवितां येत नाहीं. भिंतीपलीकडे झोंपलेल्या शेजाऱ्याची सकाळची पाळी असते. हा जर रिकामा वेळ, तर भरलेला वेळ कशाला म्हणावें तें आम्हांस कळेनासें झालें.

माल मिळतो मात्र सोयीनें. या गांवांत चिंधीला तोटा नाहीं. मागावरून उतरलेलें कापड बहुधा कोरें असतें व रंग-छपाईसाठीं बाहेर जातें. पण येथें कापडाचा एवढा व्यापार चालतो कीं तुकडे, कटपीस, डाग पडलेला माल वजनावर मिळतो. कोणता तुकडा धुतल्यावर आटेल, कोणता रंग सोडील, कोणत्याचें सूत सुईला दाद देणार नाहीं, हें ज्ञान या भगिनींना बोटांच्या अग्रांत असतें. आम्हांस सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकविलें, लॅटिन शिकविलें. पण दोन तुकडे हातांत देऊन कोणता बाळाच्या अंगाला सोसेल असें विचारलें तर आम्ही अनुत्तीर्णच होऊं.

शिवणयंत्राची हकीकत या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्यें तिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढल्याच वर्षीं पॅरिसच्या शिंप्यांनीं, आपल्या पोटावर पाय येतो म्हणून, त्याचीं यंत्रें मोडून टाकलीं. अमेरिकेंत हाउ यानें १८४६ त व सिंगर यानें १८५१ त पेटंट घेतलें, आणि दोघे कोर्टांत भांडले. १९२४ सालीं गांधीजींना कोणी विचारलें कीं आपला यंत्रमात्राला विरोध आहे काय; तेव्हां त्यांनीं शिवणयंत्राचा अपवाद केला, आणि सिंगरनें आपल्या पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटीं हें यंत्र शोधलें, अशी गोष्टही सांगितली. गोष्ट गोड आहे. खरा सिंगर हा नाटकांत कामें करणारा गृहस्थ होता, आणि त्याच्या संसाराची हकीकत देवळांत सांगण्याजोगी नाहीं. परंतु त्याच्या कंपनीनें १८५६ पासून यंत्र हप्त्यानें देण्यास आरंभ केला, त्यानें जें झालें तें खरें: ज्या घरांत एकरकमी पैसा कधींच जमणार नव्हता त्या घरांत यंत्र आलें. आपल्याकडे १९३० च्या दशकांत कलकत्त्यास 'उषा' यंत्रें तयार होऊं लागलीं. आजच्या बारा टेबलांवरील वस्तूंपैकीं कित्येक वस्तु सासूच्या लग्नांत आलेल्या यंत्रावर शिवल्या आहेत, असें आम्हांस सांगण्यांत आलें.

आणि महाराष्ट्रांतील थोर स्त्रियांनीं हें काम कधीं विरंगुळा मानलें नाहीं, हेंही आठवावें. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यास सेवासदन निघालें, तेथें शिवणकाम शिकविण्याची व्यवस्था होती. ती दुपार कशी घालवावी या विवंचनेनें केलेली नव्हती. विधवा व निराधार स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर उभें राहतां यावें, म्हणून केलेली होती.

आतां त्या कोपऱ्यांतल्या गोधड्यांकडे वळूं. गोधडी म्हणजे काय तें आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. कोणी वसईकडून, कोणी नगर-संगमनेरकडून, कोणी जालन्याकडून येथें आलेले, परंतु लहानपणीं गोधडीखालीं न झोंपलेला असा येथें विरळा. जुनें, धुवून धुवून मऊ झालेलें लुगडें वर व खालीं. आंत घरांतल्या सर्वांचे फाटके कपडे, एकावर एक सारखे पसरलेले. आणि मग धावदोरा, ओळीमागून ओळ. सर्व थर एकजीव होईपर्यंत थांबावयाचें नाहीं. आमच्या आजीच्या गोधडींत आमच्या आजोबांचा एक सदरा होता. ते वारल्यावर ती तो भाग हातानें चांचपीत असे. आम्ही सात-आठ वर्षांचे होतों. त्या वेळीं आम्हांस तें हास्यास्पद वाटलें होतें.

याच गोधडीची एक बहीण आपल्या सीमेपलीकडे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या जंगली तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून येथें आणलेले. पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळीं गोव्यास गुलाम म्हणून आणलेलें. तेथून पळून ते रानांत वसले. त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिकही आहेत. त्यांच्या बायका चिंध्यांची 'कवंद' शिवतात. कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेनें फिरत फिरत मध्यावर येऊन ती पुरी होते. कॅथलिक बाई कांहीं वेळां तीवर क्रूस घालते. चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचीं लहान फुलें लावतात. त्या फुलांचा उपयोग कांहीं नाहीं. पण तीं नसलीं तर गोधडी उघडी-नागडी दिसते, असें त्या बायका म्हणतात. २००४ सालीं हेन्री ड्रूअल नांवाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाच्या साहाय्यानें या बायकांची सहकारी मंडळी उभी राहिली, आणि घरांत पांघरावयाच्या त्या गोधड्या परदेशच्या प्रदर्शनांतून टांगल्या गेल्या. टांका तोच, चिंधी तीच. पाहणाऱ्याची दृष्टि मात्र बदलली.

दृष्टि न बदलली तर काय होतें, त्याचेंही उदाहरण आहे. आंध्रांत पश्चिम गोदावरी जिल्ह्यांत नरसापूर म्हणून गांव आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत मिशनरी मंडळींनीं गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस करण्यास शिकविलें. हेतु चांगला होता. पुढें त्या लेसचा परदेशीं मोठा व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथें राहून पाहणी केली व १९८२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला आढळलें तें असें कीं ज्या बायका दिवसाचे कित्येक तास सुई चालवीत त्यांना कामगार म्हणून कोणी मोजीतच नव्हतें. त्या 'घरीं बसलेल्या' बायका होत्या. लेस हा त्यांच्या फावल्या वेळचा उद्योग होता. आणि वेळ फावला म्हणून मजुरी नांवाला! व्यापारी मोठे झाले. सुई चालविणारीच्या डोळ्यांना चष्मा आला.

हें वाचून आम्हांस त्या व्यापाऱ्यांचा राग आला. मग आम्हीं आपल्याच कचेरींतली कुटुंबनोंदीची वही उघडली. तींत प्रत्येक घराचें पान आहे, आणि नांवापुढें धंद्याचा रकाना आहे. एका घरच्या पानावर नवऱ्यापुढें आमच्या अक्षरांत 'गोदामांत नोकरी' असें आहे, आणि पत्नीच्या नांवापुढें, तेंही आमच्याच अक्षरांत, 'घरकाम'. त्या घरचा मुलगा तांत्रिक शिक्षण घेऊन बाहेर पडला. गोदामाची नोकरी मध्यंतरीं आठ महिने गेली होती, तेव्हां त्याची फी पहिल्या कम्युनियनच्या पोशाखांतून व परकरांतून निघाली होती, हें आम्हांस ठाऊक होतें. तो मुलगा आमच्यापुढें बसून सांगून गेला होता. तरी लेखणीनें 'घरकाम' हेंच लिहिलें. वही पुढें चाळली तर अशीं एकवीस पानें निघालीं.

दुसरी गोष्ट सांगणें अधिक जड जातें; पण आज न सांगितली तर ती कधींच सांगितली जाणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं सणाकरितां नवीं वेदीवस्त्रें करावयाचीं होतीं. विकत आणण्याऐवजीं आपल्याच एका भगिनीला आम्हीं सांगितलें. सांगितलें म्हणजे मिस्सेनंतर दारांत उभे असतां, चार माणसांदेखत, "तुमच्यासारखा हात कोणाचा नाहीं, देवाचें काम आहे," असें म्हटलें. अशा वेळीं कोण नाहीं म्हणणार? तिनें तीन महिने काम केलें. कडेची लेस तिनें स्वतः विणली. दोराही स्वतःच्या पैशानें आणला. सणाच्या दिवशीं आम्हीं तिचें नांव घेऊन आभार मानले, सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. पुढें कळलें कीं ते तीन महिने म्हणजे नेमके कम्युनियनच्या पोशाखांचे महिने. तिनें सात पोशाख परत पाठविले होते, आणि शाळेची फी भरावयाला शेजारणीकडून उसने पैसे घेतले होते. हें कळल्यावर आम्ही पाकीट घेऊन तिच्या घरीं गेलों. तिनें तें घेतलें नाहीं. ती म्हणाली, "फादर, पैसे नकोत. देवाला दिलें तें दिलें. पण पुढल्या वेळीं दारांत सर्वांसमोर विचारूं नका. घरीं येऊन विचारा, म्हणजे मला नाहीं म्हणतां येईल."

त्या वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. दान हें देणाराचें असतें. मागणारानें त्याची वाट अडवून तें घेतलें तर त्याला दुसरें नांव आहे. पोप लिओ तेरावे यांनीं १५ मे १८९१ रोजीं कामगारांविषयीं जें परिपत्रक प्रसिद्ध केलें, त्यांत हाच विचार मजुरीच्या संबंधानें आहे: दोघांनीं कबूल केलें एवढ्यानें मजुरी न्याय्य ठरत नाहीं, भयानें किंवा निरुपायानें कबूल करावी लागलेली कमी मजुरी हा अन्यायच होय. २०२५ सालीं निवडून आलेल्या पोपमहाशयांनीं लिओ हें नांव धारण केलें, तें मुख्यतः याच पत्राचें स्मरण ठेवून, असें त्यांनींच सांगितलें. आपण हें पत्र गिरणीमालकांना वाचून दाखवितों. तें सभागृहाच्या टेबलांपाशींही वाचावयाचें असतें, हें ध्यानांत येत नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. आंकड्यांवांचून या विषयांत कांहीं उमजत नाहीं. गेल्या नाताळांत एका भगिनीनें एक बाळगोधडी विकली. आम्हीं तिला बसवून विचारलें. वरचें कापड आणि दोरा मिळून १८० रुपये. वेळ, तिनें नुसता सुई हातांत असलेला धरला तर २६ तास. विक्री ६५० रुपये. म्हणजे हाताला राहिले ४७०. तासाला अठरा रुपये. तीही किंमत सरळ मिळाली नव्हती. घेणारीनें, आणि ती आपल्याच धर्मग्रामांतली, प्रथम ५०० सांगितले होते. ते घेतले असते तर तासाला बारा पडले असते. त्याच आठवड्यांत या सभागृहाचा पंखा बिघडला. मिस्त्री आला, वीस मिनिटांत दुरुस्त करून गेला, तीनशें रुपये घेऊन गेला. आम्हीं घासाघीस केली नाहीं. ती करावी असें मनांतही आलें नाहीं. मिस्त्र्याचा आम्हांस राग नाहीं. त्याची विद्या आहे, त्यानें घ्यावे. परंतु त्याच्या विद्येला आपण विद्या म्हणतों आणि हिच्या विद्येला हौस म्हणतों, हा भेद कोणत्या शास्त्रांतला?

आणि घासाघीस सर्वांत अधिक कोण करतें? परका नव्हे. परका येतो, किंमत विचारतो, परवडलें तर घेतो, नाहीं तर जातो. आपला माणूस म्हणतो, "आपल्या घरचीच तूं, आमच्याकडून काय घेणार?" दुसरी म्हणते, "बाजारांत दोनशेंला मिळतें." मिळतें खरें. मग बाजारांतून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. पण हातचें हवें आणि किंमत गोदामाची हवी, हें जमणार नाहीं. तिसरी तर पैशाचा विषयच काढीत नाहीं, कापड पाठवून देते आणि म्हणते, "सहज वेळ मिळेल तेव्हां शिवून ठेव." असा 'सहज' प्रत्येकीच्या कपाटांत घडी घालून ठेवलेला आहे, असें आम्हांस हंसत हंसत सांगण्यांत आलें.

शिवणाऱ्या भगिनींनाही दोन शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. केवळ एका बाजूनें बोलणें बरें नव्हे. हातचें आहे म्हणून वेडेंवांकडें चालतें, हा समज टाकून द्यावा. गेल्या खेपेस एका पिशवीचा बंद पहिल्याच बाजारांत, बटाट्यांच्या भारानें, उसवला. घेणारीनें तक्रार केली नाहीं, पण पुन्हा घेतलीही नाहीं. दया म्हणून एकदांच विकत घेतात. दुसरें, तयार कपडा आणून त्यावर एक फूल टांकून 'हस्तकला' म्हणून विकूं नये. तिसरें, वेळ मोजावा. घड्याळ पाहून वहींत लिहावें. ज्या दिवशीं आम्हीं त्या भगिनीला २६ तासांचा हिशेब करावयाला लावला, त्या दिवशीं सर्वांत अधिक आश्चर्य तिलाच वाटलें.

ज्यांना विकावयाचेंच नाहीं, ज्यांना नातवंडांसाठीं, मैत्रिणीसाठीं, किंवा नुसता रंगाला रंग जुळला याच आनंदासाठीं शिवावयाचें आहे, त्यांच्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. तो आनंद खरा आहे. एका आजीबाईंनीं आम्हांस सांगितलें कीं पती वारल्यानंतरचें पहिलें वर्ष त्या केवळ क्रोशाच्या सुईनें पार पडल्या. त्यांच्या रुमालांना किंमत लावणारे आपण कोण? त्यांचें टेबल आज येथें नाहीं, आणि तें असावें असा आग्रह कोणीं धरूं नये.

येथें कोणी दुर्कसेची आठवण देईल. प्रेषितांच्या कृत्यांत तिची कथा आहे. यापो येथील ही तबिथा ऊर्फ दुर्कस वारली, तेव्हां विधवा रडत रडत पेत्राला तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें दाखवूं लागल्या. तिचें एकही वचन शास्त्रांत नाहीं. कपडे तेवढे आहेत. आम्हीं या कथेवर अनेक प्रवचनें केलीं आहेत आणि प्रत्येक वेळीं त्यांतून फुकट शिवण्याचा उपदेश काढला आहे. पण त्याच ग्रंथांत लुदिया आहे, जी जांभळीं वस्त्रें विकीत असे आणि जिच्या घरीं पौल उतरला. स्वतः पौल अक्विला व प्रिस्किला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरीत असे. आणि नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांत जिची स्तुति आहे ती सद्गुणी स्त्री तागाचीं वस्त्रें करते व विकते. तिच्यावर आम्हीं प्रवचन केलें, तेव्हां 'विकते' या शब्दावर कधीं थांबलों नाहीं.

म्हणून महोत्सव-समितीच्या संमतीनें कांहीं गोष्टी ठरविल्या आहेत, त्या आपणांस कळवितों. आजच्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर मालाची किंमत आहे, तास आहेत आणि एकूण आहे. तासाचा दर भगिनींनीं आपसांत बसून साठ रुपये ठरविला. आम्हीं त्यांत तोंड घातलें नाहीं. त्या हिशेबानें साधी पिशवी १३५ रुपयांना पडते, आणि कोपऱ्यांतली लहान गोधडी, जी २६ तासांचीच आहे, १७४० रुपयांना. आंकडा पाहून कांहीं भुवया वर गेलेल्या आम्हांस येथूनही दिसत आहेत. ती न खपण्याचाही संभव आहे. तसें झालें तर ती भगिनी ती परत घरीं नेईल, आणि दुसरी कोणत्या किंमतीला करावी कीं करूंच नये, हें तिचें तीच ठरवील. परंतु या सभागृहांत आज कोणीं तिच्याशीं भाव करूं नये, अशी आमची विनंति आहे. विनंति म्हणतों, पण ती धर्मगुरूची आज्ञा समजलांत तरी आमची हरकत नाहीं.

ज्या घरीं बाळ जन्मलें आहे आणि हात आखडलेला आहे, त्या घरीं बाळंतविडा जाईल. तो धर्मग्रामाच्या पेटींतून पूर्ण किंमत देऊन विकत घेतला जाईल. दान आपण सर्वांनीं मिळून करावें. एकट्या शिवणारीच्या डोळ्यांतून तें काढून घेऊं नये. वेदीवस्त्रांचें या वर्षींचें काम दिलें आहे. त्याचा कागद झाला आहे, अर्धी रक्कम आगाऊ पोहोंचली आहे. त्या भगिनीच्या घरीं आम्ही स्वतः गेलों होतों. तिनें तीन दिवस विचार केला आणि मग होय म्हणाली. आणि कुटुंबनोंदीच्या वहींतल्या त्या एकवीस पानांपैकीं सोळा आम्हीं त्या त्या घरीं जाऊन, विचारून, दुरुस्त केलीं आहेत. दोघींनीं 'घरकाम' हेंच राहूं द्या म्हणून सांगितलें. तें राहूं दिलें. तिघी अद्याप भेटावयाच्या आहेत.

विक्री चार वाजतां सुरू होईल. पैसे समितीच्या पेटींत न टाकतां ज्या टेबलावरून वस्तु घेतली तेथेंच द्यावे, आणि शक्य तर सुटे द्यावे. सकाळपासून पांचशेंच्या नोटांनीं सर्वांची तारांबळ झाली आहे. चहा पलीकडच्या खोलींत आहे. भजीं खाऊन आल्यावर पांढऱ्या झग्यांना हात लावण्यापूर्वीं हात धुवावे, असें त्या टेबलावरील भगिनींनीं आम्हांस आवर्जून सांगावयास सांगितलें आहे.